उजेडाच्या बाजूचे पाय

फोनवर कुंदाचं नाव दिसलं म्हणून मी नेहमीसारखं, "बोला बाईसाहेब, आज कुणाला वेड लावून आलात?" असं विचारलं. पलीकडे सुभाषराव होते, तिचे यजमान. ते नुसतं "मीनाताई" म्हणाले आणि थांबले... त्या थांबण्यातच मला कळलं असावं, कारण पुढची दोन-चार वाक्यं मी मुद्दाम भलतंच काहीतरी बोलत राहिले. सकाळी पोह्यांना फोडणी घालताना ती ओट्याशीच खाली बसली होती. मेंदूत रक्तस्राव झाला होता, आणि संध्याकाळ व्हायच्या आत हॉस्पिटलातच ती गेली. आदल्याच दिवशी तिने मला फोनवर फैलावर घेतलं होतं, माझ्या गिरगावच्या घरातली पुस्तकांची फळी मी चुकीच्या उंचीवर ठोकून घेतली म्हणून. आमचं शेवटचं बोलणं ते. त्यावर मी रागाने फोन ठेवला होता आणि उद्या बोलू असं मनाशी म्हटलं होतं.

कुंदा फर्निचर डिझाइन करायची. इथपर्यंत सोपं आहे; यापुढचं मला आजवर कुणालाच धड सांगता आलेलं नाही. ती टेबल-खुर्च्यांमध्ये प्राचीन ग्रीक देवळं घालते असं एकदा मी माझ्या वर्गातल्या मुलांना सांगितलं, तर पोरांनी लगेच कळस असलेली खुर्ची काढून दाखवली. मी शाळेत चित्रकला शिकवायचे. आयुष्यभर मुलांना पट्टीशिवाय सरळ रेघ मारायला शिकवलं, आणि माझी सगळ्यात जवळची मैत्रीण मला सांगत राहिली की सरळ दिसणारी रेघ बहुतेक वेळा सरळ नसतेच. मला ते काही दिवस पटायचं, काही दिवस नाही. ती गेल्यानंतरच्या या काही आठवड्यांत जे घडलं त्यानंतर तर मला काय पटलंय तेच कळेनासं झालं आहे, आणि म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

आम्ही दोघी कला महाविद्यालयात एका वर्गात होतो. आमच्या सरांनी एकदा सगळ्यांना फोर्टात टाउन हॉलसमोर नेऊन खांबांची चित्रं काढायला बसवलं. आम्ही मुकाट्याने काढत होतो. कुंदा मात्र नुसती बघत बसली आणि शेवटी म्हणाली, "सर, या खांबांना पोट सुटलंय." सगळे हसले. सर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात अथेन्सच्या पार्थेनॉन देवळाच्या स्लाइड लावल्या आणि सांगितलं की ग्रीकांचे खांब मध्ये किंचित फुगीर असतात, कारण अगदी सरळ खांब लांबून मध्ये खपाटीला गेल्यासारखा दिसतो. खालचा चौथराही मध्ये थोडा उचललेला असतो, नाहीतर त्याला झोळ पडल्यासारखा वाटतो. आणि कोपऱ्यातले खांब बाकीच्यांपेक्षा जाड, कारण त्यांच्या मागे मोकळं आकाश असतं; उजेड खांबाला दोन्ही कडांनी खातो आणि तो आहे त्यापेक्षा बारीक दिसतो. मला त्या वेळी हे सगळं परीक्षेत लिहिण्यापुरतं ठीक वाटलं. कुंदाला त्या दिवशी जे काही झालं ते शेवटपर्यंत उतरलं नाही.

लालबागला त्यांच्या चाळीत लांबच लांब गॅलरी होती आणि तिला लाकडी खांब होते. त्याच संध्याकाळी ती सुतळी घेऊन एकेका खांबाला गुंडाळून मोजत सुटली. मीही बरोबर होते. तिचे वडील गिरणीत होते, मूळचे मालवणकडचे; पहिली पाळी करून आलेले, दारात बसून चहा पीत होते. म्हणाले, "खांब कित्याक मोजतंस गो? कोण चोरून नेतलो काय?" तिचं लक्षच नव्हतं. सगळे खांब सारखेच भरले. टोकाचा तेवढा, ज्याच्या मागे भिंत नव्हती, नुसतं आभाळ होतं, तो बारीक दिसायचा. "मिने," ती म्हणाली, "लहानपणापासून मला वाटायचं, सुताराने इथे लाकूड खाल्लं." तिचा चेहरा इतका उजळला होता की मला जरा भीतीच वाटली.

पुढे तिने कामं घ्यायला सुरुवात केली तेव्हा लोक चक्रावून जायचे. बाई घरी यायची, पण टेप बाहेर काढायची नाही. "तुम्ही रोज बसता कुठे?" असं विचारून तिथेच जाऊन बसायची. चहा प्यायची, गप्पा मारायची, खिडकीकडे बघत राहायची. मग दुसऱ्या एखाद्या वेळी, ऊन दुसऱ्या बाजूला गेलं की पुन्हा यायची आणि पुन्हा बसायची. "बघणार कुठून आणि उजेड कुठून, हे कळल्याशिवाय मी माप कशाचं घेऊ?" असं तिचं म्हणणं. रे रोडच्या वखारींजवळ रामधनी मिस्त्रींचं वर्कशॉप होतं, तिथे तिची सगळी कामं व्हायची. कागदावरचं माप बघून मिस्त्री कपाळाला हात लावायचे. "मॅडम, ये तो टेढ़ा है." "टेढ़ा ही रखो, मिस्त्री." हा संवाद मी स्वतः इतक्यांदा ऐकलाय की त्याची चालच पाठ झाली होती. तिने केलेली पहिली खुर्ची चाळीतल्या घरी आली, तिचे पाय वर जाताना किंचित आत कललेले, देवळाच्या खांबांसारखे. तिच्या आईने खुर्चीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "ह्या खुर्चेर बसाचा काय हिका हात जोडूचे?" मग बसली, आणि शेवटपर्यंत दुसऱ्या कुणाला त्या खुर्चीवर बसू दिलं नाही.

परळला गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका टॉवरमध्ये तिला काम मिळालं होतं, ते मला विसरता येत नाही. त्या बाईंना ग्रीक थीम हवी होती. पांढरे पिलर, वर ती गुंडाळलेली पानं, जमलं तर थोडं सोनेरी. कुंदाने त्यांना भिंतभर पुस्तकांचं कपाट करून दिलं. ना पान, ना फूल. प्रत्येक फळी मध्ये केसभर उचललेली, उभ्या बाजू जराशा आत झुकलेल्या. मी बघायला गेले होते. बाई बराच वेळ कपाटासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, छानच आहे, म्हणजे खूप शांत वाटतंय. पण यात ग्रीक काय आहे?" कुंदाने विचारलं, "काही दिसतंय का?" "नाही." "मग बरोबर झालंय." पुढे त्या बाईंनी दुसऱ्या कुणाकडून प्लास्टरची पानं आणून कपाटाला चिकटवली. मला इतका संताप आला की मी कुंदाला म्हटलं, जा आणि ती पानं उपटून ये. ती म्हणाली, "असू दे गं. पानांच्या खाली माझी फळी आहेच की." मला तिचा हा थंडपणा कधी झेपला नाही, आजही झेपत नाही.

ग्रीसला ती कधी गेली नाही. सुभाषरावांचा पुतण्या गेला, त्याला तिने एक काम सांगितलं होतं: देवळाच्या पायरीच्या एका टोकाला टोपी ठेवायची आणि दुसऱ्या टोकाला जाऊन, डोळा पायरीला टेकवून बघायचं, टोपी दिसते का. त्या पोराने बिचाऱ्याने ते केलं. टोपी दिसली नाही, कारण मधला भाग उंच. रखवालदाराची शिट्टी मात्र ऐकू आली. हा किस्सा ती इतक्या आनंदाने सांगायची, जणू स्वतःच तिथे आडवी पडली होती. "तू स्वतः का जात नाहीस?" असं मी विचारलं की म्हणायची, "जाईन ना, घाई काय आहे..." सुभाषरावांनी पुढच्या उन्हाळ्याचं ठरवत आणलं होतं. त्यांनी हे मला ती गेल्यानंतर सांगितलं.

गंमत म्हणजे या बाईच्या स्वतःच्या संसारात तिने केलेली एकही वस्तू नव्हती. सुभाषराव सरकारी नोकरीत, त्यामुळे सगळा संसार अँटॉप हिलच्या क्वार्टरमध्ये झाला, लोखंडी कपाट आणि फोल्डिंगच्या टेबलावर. मी टोचलं की म्हणायची, "क्वार्टरची खिडकी सरकारची, उजेडही सरकारचा. उद्या बदली झाली की मी त्या टेबलाचं काय करू?" मग लालबागची तिच्या माहेरची चाळ पाडून तिथे टॉवर झाला, आणि वडिलांच्या खोलीच्या जागी मिळालेल्या फ्लॅटमध्ये दोघं राहायला आली. तिथेही बाई आधी नुसती बसून राहिली. गणपती आले-गेले, दिवाळी झाली, घरात टेबल नाही. सुभाषराव मांडीवर ताट घेऊन जेवायचे आणि मला फोनवर तक्रार करायचे. शेवटी या उन्हाळ्यात टेबल आलं. सागाचं, अगदी साधं, चार पायांचं, एक टोक गॅलरीच्या मोठ्या खिडकीकडे आणि दुसरं दाराकडे. तिच्या बसायच्या जागी, खिडकीजवळ, टेबलाच्या खालच्या बाजूला तिने एक छोटी खुंटी बसवून घेतली होती, दोरीचा चष्मा अडकवायला. माझी जागा दाराकडची, तिच्या समोर पण तिरपी. टेबलाचा पृष्ठभाग अर्थातच मध्ये किंचित उंच. त्यावर मटार सोलायला बसलं की दाणे घरंगळायचे, आणि कुंदा बोलता बोलता, न बघता, टेबलाच्या कडेला हाताची ओंजळ धरून ते झेलायची. मी म्हणायचे, तुझ्या टेबलावर मटार सोलायचे तर एक माणूस राखणीला लागतो. ती म्हणायची, "मी आहे ना राखणीला."

ती गेली त्या संध्याकाळी हॉल मोकळा करायला शेजाऱ्यांनी ते टेबल उचलून समोरच्या सावंतांकडे नेलं. सतरंज्या अंथरल्या. तिला आणून ठेवलं... त्याबद्दल मला लिहिता येणार नाही. तेराव्याची जेवणं आटोपल्यावर टेबल परत आलं. त्यानंतर काही दिवसांनी मी दादरच्या मंडईतून ताजे मटार घेऊन लालबागला गेले, सुभाषरावांना उसळ तरी करून द्यावी म्हणून. दार उघडल्यावर त्यांनी मला आत बसूही दिलं नाही. दारातच म्हणाले, "मीनाताई, तुम्ही ड्रॉइंगच्या टीचर. हे टेबल बघा आणि खरं सांगा, हे सरळ आहे का?"

टेबल सरळ नव्हतं. खिडकीकडचे दोन पाय काडीसारखे बारीक दिसत होते आणि दाराकडचे दोन हत्तीरोग झाल्यासारखे जाड. अख्खं टेबल दाराच्या बाजूला बसकण मारल्यासारखं वाटत होतं. याच टेबलावर मी उन्हाळ्यापासून कितीदा तरी जेवले होते, कुंदाशी वाद घातले होते. तेव्हा मला हे का दिसलं नव्हतं? सुभाषरावांनी सुतळीने पाय मोजूनही ठेवले होते. दोन खरोखरच जाड, दोन बारीक. "एवढ्या वर्षांत तिच्या हातून असं कधी झालं नाही," ते म्हणाले. "आणि हे ती करत होती तेव्हाच तिचं डोकं दुखायचं. चष्म्याचा नंबर बदलला होता. एक डोळा मिटून या टेबलाकडे बघत बसायची... तिला दिसत नव्हतं, मीनाताई. तेव्हापासूनच काहीतरी बिघडत होतं. समोर पुरावा होता, आणि मी त्यावर ताट ठेवून जेवत होतो." सावंतही त्यांना म्हणाले होते, अगदी चांगल्या मनाने, की वहिनींना शेवटी शेवटी त्रास होत असणार. सुभाषराव रात्र-रात्र झोपत नव्हते. वेळीच डॉक्टरकडे नेलं असतं तर, यापलीकडे त्यांचं मन जातच नव्हतं.

मी "असं काही नसतं हो" वगैरे म्हटलं, पण माझाच आवाज मला पोकळ वाटला. मिस्त्रींना फोन लावला. ते गावी गेले होते, बातमी कळल्यावर बराच वेळ रडले आणि मग म्हणाले, "मॅडमने जैसा बोला, वैसा बनाया." मॅडमनी असं का सांगितलं, ते त्यांनी विचारलं नव्हतं. इतक्या वर्षांनी ते विचारायचं थांबलेच असणार. म्हणजे चूक मिस्त्रींची नव्हती, कुंदाचीच होती. मला तिचा राग आला. गेलेल्या माणसाचा राग येतो का? मला आला. आयुष्यभर वाकडं करून सरळ दाखवलंस, आणि शेवटचं, स्वतःच्या घरातलं, खरंच वाकडं करून ठेवलंस? आणि मग त्या रागाचीच लाज वाटली, कारण तिला दिसत नसेल तर त्यात तिचा काय दोष...

काहीतरी हाताला काम हवं म्हणून मी माझ्या नेहमीच्या जागी, दाराकडच्या खुर्चीवर, मटाराची पिशवी घेऊन बसले. खुर्ची पुढे ओढली आणि गुडघ्याला काहीतरी टोचलं. हात घालून बघितलं तर खुंटी.

"सुभाषराव, ही इकडे कशी आली?"

"काय?"

"कुंदाची चष्म्याची खुंटी. ही तर तिच्या जागी होती ना, खिडकीकडे?"

त्यांनी वाकून बघितलं. मग माझ्याकडे, मग खिडकीकडे. ज्यांनी टेबल आणून ठेवलं त्यांची काय चूक? त्यांना चारही बाजू सारख्याच. त्यांनी नुसतं उलटं ठेवलं होतं. आम्ही कुणाला बोलावलं नाही. दोघांचं मिळून वय काढू नये हे बरं, पण कण्हत-कुथत, लाद्यांवर ओरखडे काढत आम्ही ते टेबल पूर्ण फिरवलं. सुभाषराव सोफ्यावर जाऊन बसले. मी दारात जाऊन उभी राहिले. खिडकीतून हिवाळ्यातलं स्वच्छ ऊन आत येत होतं, आणि त्या उजेडाने जाड पायांना कडेकडेने खाऊन अगदी हवे तेवढे बारीक केले होते. चारही पाय सारखे दिसत होते. टेबल जमिनीवर असं उभं होतं की त्याच्याकडे लक्षही जाऊ नये. लालबागच्या गॅलरीतला तो टोकाचा खांब मला आठवला, सुतळी आठवली, तिचा चेहरा आठवला.

मी सुभाषरावांना ते सगळं सांगितलं, कोपऱ्यातल्या खांबांचं, आकाशाचं. त्यांना किती कळलं कोण जाणे. "म्हणजे तिला दिसत होतं," ते म्हणाले.

"हो."

"नीट दिसत होतं."

"तुमच्या-माझ्यापेक्षा नीट."

मग ते रडले, मोठ्याने, पहिल्यांदाच. मीही रडले. आणि आता सगळं मार्गी लागलं असं मला वाटत असतानाच त्यांनी डोळे पुसून विचारलं, "मग मीनाताई, मी काय बघायला हवं होतं?" टेबल वाकडं होतं तोवर तिच्या जाण्याला निदान एक कारण होतं, त्यांना छळणारं का होईना, पण हाताशी असलेलं. आता तेही गेलं. डोळे शाबूत, हात शाबूत, आणि एका सकाळी पोह्यांची फोडणी अर्धी टाकून बाई निघून गेली. मी यात त्यांना दिलासा दिला की होता तो आधार काढून घेतला, हे मला अजून कळलेलं नाही. कधी कधी तर असंही वाटतं की टेबल सरळ दिसावं असं आम्हा दोघांना इतकं वाटत होतं, म्हणून दिसलं. ते तपासून सांगणारं माणूस एकच होतं.

सुभाषरावांनी तिच्या फोटोसमोर ठेवलेला चष्मा उचलला, वाकून खुंटीला अडकवला आणि त्यांच्या जागी बसले. मी माझ्या जागी. आम्ही मटार सोलायला लागलो. नुसत्या शेंगा फुटत होत्या. एक दाणा माझ्या बोटांतून निसटून टेबलाच्या मध्यावर गेला, तिथे क्षणभर रेंगाळला आणि खिडकीच्या बाजूला, तिच्या जागेकडे घरंगळत निघाला. आम्ही दोघंही हात थांबवून त्याच्याकडे बघत राहिलो. तो कडेपर्यंत गेला आणि खाली पडला.